मुलाच्या नावचा गाळा: भाडे कुणाचे, कर कुणावर?

धाराशिवच्या बाजारपेठेतला एक गाळा आजोबांनी आपल्या नातवाच्या नावे हिबा करून दिला आहे, असे समजा. भाडे महिन्याला ८,००० रुपये. नातू आठ वर्षांचा. त्याच्या आईवडिलांचा तलाक होऊन दोन वर्षे झाली. मुलगा आईजवळ, उमरग्याला नानांच्या घरी राहतो. आई तिथल्या एका शाळेत शिकवते, वडील पुण्यात कंपनीत नोकरीला आहेत. भाडे दादा गोळा करतात, कारण गाळा त्यांनी दिलेला आणि भाडेकरूही त्यांच्याच ओळखीचा. वर्षाकाठी जमणाऱ्या या ९६,००० रुपयांचा प्राप्तिकर कुणाच्या हिशोबात धरायचा?

उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण अशा गाठी असलेली घरे आपल्या जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत सापडतील. आणि तिथे हा प्रश्न विचारला तर साधारण दोन उत्तरे मिळतात. एक, "मूल लहान आहे, त्याला कसला आलाय कर?" दुसरे, "भाडे ज्याच्या हातात येते तो बघेल." दोन्ही उत्तरे कायद्याला मान्य नाहीत. कायद्याने हे उत्पन्न त्या आईच्या नावावर धरले जाऊ शकते, जिने भाड्याचा एक रुपयाही पाहिलेला नाही. मग नोटीस येते, नानांच्या घरातून दादांच्या घरी फोन जातो, जुने सगळे उकरून निघते आणि पुढच्या रविवारची मुलाची भेट रद्द होते. कराची रक्कम शून्यही असेल, पण भांडण मात्र खरे असते.

म्हणून या महिन्यात आम्ही विभक्त झालेल्या आईवडिलांच्या पैशांविषयी लिहीत आहोत. सांगायचे एकच आहे: नवरा-बायकोचा हिशोब, मुलाचा हिशोब आणि मुलाची भेट या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, आणि त्या कागदावर उतरवा.

मुलाचे उत्पन्न कुणाचे?

अठरा वर्षांखालच्या मुलाला भाडे, ठेवीवरची रक्कम किंवा असे दुसरे उत्पन्न मिळत असेल, तर ते आईवडिलांपैकी एकाच्या उत्पन्नात मिळवले जाते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हा नियम कलम ६४ (१अ) मध्ये होता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण नियम तोच राहिला आहे. 'एकाच्या' म्हणजे कुणाच्या, हे निकाह कायम आहे की नाही यावर ठरते.

निकाह कायम असेल, तर दोघांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या हिशोबात मुलाचे उत्पन्न धरले जाते. निकाह संपला असेल, तर त्या वर्षात मुलाचा सांभाळ ज्याने केला त्याच्या हिशोबात. एकदा एका पालकाच्या नावे धरले की पुढच्या वर्षीही ते तिथेच राहते. बदल करायचा असेल तर प्राप्तिकर अधिकाऱ्याने दुसऱ्या पालकाचे म्हणणे ऐकून तसे ठरवावे लागते. त्यामुळे तलाकनंतरच्या पहिल्या वर्षी विवरणपत्रात काय लिहिले, याला फार महत्त्व आहे.

काही गोष्टी या नियमाबाहेर आहेत. मुलाने स्वतःच्या श्रमाने किंवा अंगच्या कलेने मिळवलेले पैसे त्याचे स्वतःचे मानले जातात. मोठे अपंगत्व असलेल्या, म्हणजे कायद्यातील ४० टक्क्यांच्या अटीत बसणाऱ्या मुलाचे उत्पन्नही पालकात मिळवत नाहीत. शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे. मुलाच्या नावे शेत असेल आणि उत्पन्न शेतीचेच असेल, तर त्यावर कर नाही. मात्र पालकाचे इतर उत्पन्न करपात्र असेल तर कराचा दर ठरवताना शेतीची रक्कम मोजली जाते.

आता गाळ्याचा हिशोब मांडू. भाडे ९६,०००. नगरपालिकेचा कर ६,००० भरला असे धरले, तर राहिले ९०,०००. त्यातून दुरुस्तीपोटी ३० टक्के, म्हणजे २७,००० कायदाच वजा करतो. करासाठी उरले ६३,०००. आईचा पगार वर्षाला ५ लाख आणि वडिलांचा १५ लाख असेल, तर २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत चित्र असे दिसते. ६३,००० आईच्या उत्पन्नात गेले तरी तिचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते, म्हणून कर शून्य. तीच रक्कम वडिलांच्या उत्पन्नात गेली तर ती १५ टक्क्यांच्या टप्प्यात येते. ९,४५० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ९,८२८ रुपये होतात.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आईच्याच नावे दाखवू. तसे निवडता येत नाही. सांभाळ खरोखर कुणी केला, हे वस्तुस्थितीवर ठरते. मूल आईजवळ झोपते आणि फी, कपडे, दवाखाना, सगळा खर्च वडील पाठवतात, अशा घरात सांभाळ कुणाचा यावरच वाद होऊ शकतो. तिथे उपयोगी पडतात त्या पावत्या आणि बँकेतल्या नोंदी. हातात दिलेल्या रोख पैशांचा साक्षीदार कुणी नसतो.

आधी निकाह संपला आहे का, ते पाहा

आपल्याकडे अनेक घरांत भिजत घोंगडे पडलेले असते. मुलगी माहेरी येऊन तीन वर्षे झाली, नवरा म्हणतो मी तलाक दिला, मुलगी म्हणते मला काही मिळालेच नाही, आणि जमातीतली मंडळी म्हणतात बघू. अशा वेळी निकाह संपला असे कायदा धरून चालत नाही.

२००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने हा मुद्दा स्पष्ट केला. नवऱ्याने न्यायालयात फक्त 'तलाक दिला' असे लिहून दिले म्हणजे तलाक सिद्ध होत नाही. त्यामागे योग्य कारण होते, दोन्ही बाजूंच्या मंडळींनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे त्याला दाखवावे लागते. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. त्याच कायद्यात अशा स्त्रीला स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाह भत्ता आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मिळण्याची तरतूद आहे.

याचा कराशी थेट संबंध आहे. रागाच्या भरात तीनदा शब्द उच्चारून, 'झाला तलाक' असे समजून दोन घरे वेगळी राहत असतील, तर कायद्याच्या नजरेत निकाह कायम आहे. मग मूल आईजवळ असले तरी मुलाचे उत्पन्न जास्त कमावणाऱ्याच्या, बहुधा वडिलांच्या, हिशोबात जाते. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे विवरणपत्र भरतात आणि दोघांचेही चुकते. तेव्हा तलाक असो, खुला असो की दोघांच्या संमतीने झालेला मुबारात असो, त्याचा तारीख आणि साक्षीदारांसह कागद करा, दोघांकडे प्रत ठेवा आणि वाद असेल तर न्यायालयाकडून तसे जाहीर करून घ्या.

नवरा-बायकोचा हिशोब वेगळा

फारकतीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "इतके लाख घ्या आणि सगळे मिटवा." या 'सगळे' शब्दात महेर, इद्दतीचा खर्च, दागिने, पोटगी आणि मुलाचे पालनपोषण हे सारे कोंबलेले असते. दोन वर्षांनी मुलाची फी वाढली की वडील म्हणतात, मी तेव्हाच दिले. आई म्हणते, ते तर माझ्या महेरचे होते. दोघेही खरे बोलत असतात, कारण कागदावर कशाचे किती हे लिहिलेलेच नसते.

महेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. ते द्यायचे राहिले असेल तर वेगळ्या ओळीत लिहा. इद्दतीच्या काळातला खर्च आणि पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद हा तिचा हक्क १९८६ च्या कायद्यात आहे. ही तरतूद इद्दतीपुरतीच नसून पुढच्या काळाचीही असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्री सर्वांसाठी असलेल्या फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागू शकते.

कराच्या बाजूने लक्षात ठेवायची गोष्ट अशी. एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची मानली जाते आणि तिच्यावर कर लागत नाही, तर दरमहा मिळणारी पोटगी घेणारीच्या उत्पन्नात धरली जाते. हा फरक मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात १९८० च्या दशकात केला आणि आजही त्याचाच आधार घेतात. देणाऱ्याला मात्र पोटगीच्या रकमेची करातून वजावट मिळत नाही, मग ती एकरकमी असो की मासिक. वेगळे राहण्याच्या कराराचा भाग म्हणून पत्नीला मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्या हिशोबात धरत नाहीत. पण असा करार झाला आहे हे कागदावर दिसले पाहिजे.

मुलाचा नफका याहून वेगळा आहे. आईने फारकतीच्या कागदावर 'मला काही नको' असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क संपत नाही, कारण तो तिचा नव्हे, मुलाचा आहे. १९८६ च्या कायद्यात मुलासाठी जन्मापासून दोन वर्षांचा उल्लेख आहे. त्यावर बोट ठेवून काही वडील दोन वर्षांनी हात वर करत. १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बंद केला. मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलीचा निकाह होईपर्यंत ऐपत असलेल्या वडिलांची जबाबदारी राहते, असा तो निर्णय आहे. तेव्हाचे फौजदारी संहितेचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे.

ऐपत किती, हे ठरवताना न्यायालय आता तोंडी सांगण्यावर थांबत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. त्यासोबत प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि बँकेचे तपशील मागितले जातात. कर्ज हवे म्हणून बँकेला मोठे उत्पन्न दाखवायचे आणि पोटगी कमी व्हावी म्हणून न्यायालयात लहान, हा खेळ आता एकाच टेबलावर उघडा पडतो. हाच नियम नोकरी करणाऱ्या आईलाही लागू आहे.

भेट ही पैशाची पावती नव्हे

भांडणाचे सर्वांत वाईट रूप म्हणजे मूल तारण ठेवणे. "पैसे पाठवले नाहीत, तर मुलगी दाखवणार नाही," असे एका घरातून म्हणतात. "मुलगी भेटू देत नाहीत, तर पैसे कशाला पाठवू," असे दुसऱ्या घरातून. दोन्ही घरांना आपले म्हणणे न्यायाचे वाटते. मधल्या मुलीला मात्र एवढेच कळते की अब्बांची भेट आणि आपली फी या गोष्टींचा सौदा चालला आहे.

सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूधपित्या बाळाच्या निमित्ताने हाच प्रसंग आहे. तिचा आशय असा की खर्च वडिलांनी रीतीप्रमाणे करावा, कुणावर ऐपतीपेक्षा जास्त भार टाकू नये, मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि वडिलांनाही होऊ नये, आणि दूध सोडवण्यासारखा निर्णयसुद्धा दोघांनी सल्लामसलतीने घ्यावा. वेगळ्या झालेल्या जोडप्यालाही एकमेकांशी मशवरा करायला सांगितले आहे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. निकाह संपला तरी पालकपणातला मशवरा संपत नाही.

फिकहमध्ये हिजानत आणि विलायत वेगळ्या मानल्या आहेत. हिजानत म्हणजे जवळ ठेवून वाढवणे. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत तो हक्क आईचा. विलायत म्हणजे मुलाचे शिक्षण, मालमत्ता यांची जबाबदारी, ती वडिलांची, त्यांच्यामागे दादांची. मालमत्तेबाबत आई आपोआप पालक ठरत नाही. मुलाचा गाळा किंवा जमीन विकायची तर न्यायालयाने नेमलेला पालक आणि न्यायालयाची परवानगी लागते. आमच्या उदाहरणातली खरी गाठ इथे आहे: मूल आईकडे, मालमत्तेची देखरेख वडिलांच्या घराकडे आणि कराचा हिशोब सांभाळणाऱ्याकडे.

सात वर्षे पूर्ण झाली की मुलगा वडिलांकडे, असा हिशोब करून बसणाऱ्यांनी शेजारच्या लातूर जिल्ह्यातले एक प्रकरण लक्षात घ्यावे. निलंग्याच्या जिल्हा न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांना दिला होता. आई औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने नऊ वर्षांच्या त्या मुलाला आईकडेच ठेवले. वैयक्तिक कायदा आणि मुलाचे हित समोरासमोर आले तर हिताचे पारडे जड, असा त्या निर्णयाचा सारांश आहे. पण वडिलांची भेट बंद झाली नाही. तिला न्यायालयाने जागा ठेवली. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्यातही मुलाचे हित केंद्रस्थानी आहे, आणि समजण्याइतक्या वयाच्या मुलाची इच्छाही विचारात घेता येते. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात दोन्ही पालकांच्या संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. त्याचा वेगळा कायदा अजून नसला, तरी दोघांनी ठरवून तसे जगायला कुणाची आडकाठी नाही.

एका कागदावर काय लिहावे

कागद म्हटला की आपल्याकडे लोक बिचकतात. "आपसातली गोष्ट, लिहायचे कशाला, विश्वास नाही का?" भीड ही भिकेची बहीण, आणि इथे भिकेला लागते ते मूल. उधारीचा व्यवहारसुद्धा मुदत आणि साक्षीदारांसह लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सर्वांत मोठ्या आयतीत आहे. मग दहा-पंधरा वर्षे चालणारा मुलाचा व्यवहार तोंडी कसा ठेवायचा?

मुलाच्या नावे बँकेत खाते उघडा. आईला पालक ठेवूनही अल्पवयीन मुलाचे खाते उघडता येते. वडिलांचा नफका, गाळ्याचे भाडे, ईदी, जे काही मुलाचे आहे ते या एकाच खात्यात यावे आणि फी, पुस्तके, दवाखाना यातून जावे. रोख द्यायची वेळ आलीच तर त्याच दिवशी लिहून सही घ्यावी. भाड्यावरचा कर ज्या पालकाच्या हिशोबात लागेल, तो याच खात्यातून भरायचा, हे वाक्य कागदावर असू द्या. मग भाडे न पाहिलेल्या आईला कराचा चटका बसणार नाही आणि दादांनाही गाळा आपल्या हातून गेला असे वाटणार नाही.

बँकेत ठेव असेल तर पॅन कुणाचा जोडला आहे ते तपासा. व्याजाविषयी प्रत्येक घराची दक्षता वेगळी असते, पण खात्यावर रक्कम जमा झाली की प्राप्तिकर खात्याला तिची नोंद दिसते. बँकेतल्या वार्षिक व्याजाची रक्कम ५०,००० च्या पुढे गेली की साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो वडिलांच्या पॅनवर कापला गेला आणि उत्पन्न आईच्या हिशोबात असले, तर आईला त्याचे श्रेय सहज मिळत नाही. बँकेला लेखी निवेदन देऊन टीडीएस योग्य पॅनवर वळवून घेता येतो.

फीचे ठरवताना जुन्या करपद्धतीत असलेल्यांनी एक गोष्ट पाहावी. शिकवणी शुल्काची वजावट ज्याने पैसे भरले त्यालाच मिळते, दोन मुलांपुरती आणि इतर बचतीसह एकूण दीड लाखापर्यंत. देणगी, बसभाडे, वसतिगृह यांची वजावट नाही. दोघांनी अर्धी-अर्धी फी भरली तर आपापल्या अर्ध्याची मागणी दोघेही करू शकतात, पण तीच पावती दोघांनी दाखवायची नाही. मुलाच्या उत्पन्नापैकी प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूटही जुन्या पद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणून तिथे यावर वाद घालण्यात अर्थच नाही.

भेटीचे दिवस पैशांच्या कलमापासून वेगळ्या पानावर लिहा. रविवार, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी हे इंग्रजी तारखांनी ठरते. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, कधी सुटीत, कधी परीक्षेत. म्हणून ईदचा करार हिजरी वर्षाने करा. यंदा ईदुल फित्र आईकडे आणि बकरीद वडिलांकडे, पुढच्या हिजरी वर्षी उलट. चंद्र दिसायच्या रात्री फोनवर ओढाताण नको. मुलाला एसटी स्टँडवर आणायचे कुणी, पोचवायचे कुणी, प्रवासाचे भाडे कुणाचे, हेही लिहा. परगावी किंवा आखातात न्यायचे असेल तर दोघांची लेखी संमती हवी. प्रकरण न्यायालयात असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

निरोप मुलाच्या हातून पाठवू नका. "अब्बांना सांग, फी भरायची आहे," हे वाक्य आठ वर्षांच्या खांद्याला पेलत नाही. दोघांना एकमेकांशी बोलणे नको असेल तर फक्त मुलाच्या कामापुरते लेखी संदेश पाठवा. त्यात शाळा, तब्येत, पैसे, भेट एवढेच असावे, जुना हिशोब नको.

दोन्ही घरांतला एकेक माणूस

सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत नवरा-बायकोच्या भांडणात दोन्ही घरांतून एकेक हकम नेमायला सांगितले आहे. तो उपाय समेटासाठी आहे, पण वेगळे झाल्यावर मुलाच्या कामासाठीही तीच रीत चालते. ताकीद एवढीच की हकम जास्त ओरडणारा नको, हिशोब समजणारा हवा. एखादी खाला, एखादे निवृत्त मामू, जे दोन्ही घरांत चहा पिऊ शकतात. वर्षातून दोनदा, शाळा सुरू होण्याआधी आणि विवरणपत्र भरण्याआधी, त्यांनी खात्याचा उतारा पाहावा.

एवढ्याने भागले नाही तर धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा देशभराचा फोन क्रमांक आहे. ताबा आणि पालकत्वाचा अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात होतो. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून तिथे सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्या, आणि मुलाच्या ओळी आईवडिलांच्या ओळींत मिसळलेल्या नाहीत ना, हे पाहा.

कराच्या कामाला एकदा तरी जाणकार सल्लागाराकडे जा, कारण प्रत्येक घराची कागदपत्रे निराळी असतात. जाताना निकाहनामा, तलाकनामा किंवा खुलानामा, मुलाचा जन्मदाखला, खात्याचा उतारा आणि फीच्या पावत्या एका पिशवीत घेऊन जा. त्या पिशवीतले सर्व कागद सांभाळून ठेवा. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे खाते आणि त्याचा गाळा त्याच्या स्वाधीन करावा लागतो. त्या दिवशी ते हिशोबाची पाने उलटून पाहील. आपल्यासाठी कुणी काय केले, हे त्याला त्यातूनच कळेल.